अर्धा इंच उतार

बस्त्याव, तू हल्ली स्वप्नात येतोस आणि एक अक्षर बोलत नाहीस. नुसता बसत सुटतोस. परवा कांजूरच्या मिठागराच्या बांधावर बसलास, तिथून उठून पार्ल्याच्या बाईंच्या जिन्यावर, मग घाटकोपरच्या आमच्या चाळीतल्या पाण्याच्या टाकीवर. प्रत्येक ठिकाणी दोन्ही हात मांड्यांखाली घालून, डोळे मिटून, जागा अंगाला कशी लागते ते बघतोस आणि पुढे जातोस. मी मागून हाका मारत येतो. माझ्या हातात पातळी बघायची पाणसळ असते, तिची काच फुटलेली असते आणि आतलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत असतं. एवढ्याशा नळीत एवढं पाणी आलं कुठून, असा विचार मी स्वप्नातही करतो. तू वळून बघत नाहीस. जाग येते तेव्हा हात कोरडाच असतो.

काल मरोळच्या चर्चमध्ये, तू गेल्याला महिना झाला म्हणून, तुझी मिस्सा झाली. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे हे मला अजून कळत नाही. तू शेजारी असतास तर कोपराने ढोसलं असतंस. मिस्सा संपल्यावर सगळे तुझ्या बिल्डिंगकडे चालत आलो. तुझी आई, मी जिला मावशी म्हणतो ती, पुढे होती. वर घरात पाहुणे, चहा, सगळं, आणि ती मात्र जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली. त्या पायरीचा उजवीकडे टवका उडालेला आहे. लोक तिला वळसा घालून वर चढत होते आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण मावशी गेली तीन वर्षं तिथेच बसते.

वर तिच्यासाठी तू केलेली बैठक रिकामी होती. तिच्यावर कोणीतरी पिशव्या आणि छत्र्या ठेवल्या होत्या.

त्या बैठकीबद्दल तुला एक गोष्ट चुकीची माहीत होती. ती चूक मी तुझ्या डोक्यात घातली, आणि तू ती घेऊन गेलास. आज आपल्या शेडमध्ये कोणी नाही, दुपारची वेळ आहे, खाडीवरून वारा येतोय आणि भुसा जमिनीवर आपोआप सरकतोय. समोर तुझं स्टूल आहे. त्याच्याकडे बघत हे लिहितोय.

तू पहिल्यांदा आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. मामाचा गणपतीचा कारखाना होता घाटकोपरला. मी तिथे पाट आणि चौरंग करायचो. तू आर्ट स्कूलमधून बाहेर पडलेला, दाढी वाढवलेली, गळ्यात क्रूस, आणि म्हणालास, मला शाडू मळायला शिकायचंय. मामा चष्म्यावरून बघत राहिला.

"अरे, तू किरिस्ताव मां? गणपतीच्या मातयेक हात लावतलंस?"

"मातीने काय विचारलं नाय अजून," तू म्हणालास.

मामा हसला. मामा हसला की माणूस पास. दोन महिन्यांत तुझ्याकडे मूर्तीची बैठक करायचं काम आलं. सोंड, डोळे, दागिने करणारे दुसरे होते. पण गणपती पाटावर कसा टेकलाय, मांडीचं वजन कुठे पडलंय, ते तू बघायचास. लोक तोंड बघून मूर्ती नेतात, आणि तू खालून बघायचास. मी केलेला पाट आणि तू केलेली मांडी जिथे एकमेकांना भेटतात तिथे बोट फिरवून मला विचारायचास, "बसलं का?"

सुताराचा हा रोजचा शब्द. लाकडाची जीभ खाचेत नीट गेली की आम्ही म्हणतो, बसलं. पण तू तो शब्द खिशात घालून नेलास तो कायमचाच. खुर्ची झाली, बसलं का? भिंत झाली, बसलं का? कोणाच्या लग्नाला गेलो तर नवरा-नवरीकडे बघून माझ्या कानात, "काय रे, बसलं का?" आमच्या घरात मात्र त्या शब्दाची धास्ती होती. संपात बाबांची गिरणी बसली, आणि बाबा घरी बसले. आई म्हणायची, या घरात आता कोणी बसायचं नाव काढू नका. तू हे ऐकलंस आणि दुसऱ्या दिवशी बाबांसाठी एक स्टूल घेऊन आलास, इतकं उंच की त्यावर बसलेला माणूस उभ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलेल. बाबा गॅलरीत त्यावर बसू लागले. खालून जाणाऱ्यांना वाटायचं, दत्ताचे वडील उभे आहेत. आई त्या दिवसापासून तुझ्यासाठी वेगळी आमटी काढून ठेवायला लागली, कमी तिखट, कारण तुझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

मग ही शेड घेतली, कांजूरमार्गला, लाइनीच्या पलीकडे. मागे मिठागरं. तुला कामाचा कंटाळा आला की तू मागचं दार उघडून मिठाच्या ढिगांकडे बघत बसायचास. "बघ यार, कसे बसलेत. कोणी बसवले नाय," म्हणायचास. मी म्हणायचो, "मिठागरवाल्याने फावड्याने ओढलेत ते." तुला असल्या माहितीत रस नसायचा. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराकडून वारा फिरला की धुराचा वास यायचा, मग दार लावून घ्यावं लागायचं. तरी तू फटीतून बघायचास.

कार्डाची गंमत आठवते? नावाखाली काय छापायचं यावर आपण आठवडाभर भांडलो. शिल्पकार लिहावं तर लोक पुतळे मागतील. फर्निचर लिहावं तर सोफासेट. आर्किटेक्ट लिहायचा तुला परवाना नव्हता. डिझायनर या शब्दाला तू नाक मुरडायचास, तो शिंप्याचा वाटतो म्हणून. शेवटी तू नावाखाली एकच शब्द छापून आणलास: बैठका. पंधरा दिवसांत मुलुंडहून एक गृहस्थ आले, सोबत पेटी वाजवणारा. भजनाची बैठक ठरवायची होती त्यांना. तू त्यांना हाकललं नाहीस. चहा पाजलास, कुठे बसता, कसे बसता, किती वेळ बसता, म्हाताऱ्यांचे गुडघे काय म्हणतात, सगळं विचारून घेतलंस आणि त्यांच्या मंडळासाठी ते अर्धगोल ओटे केलेस, जे देवळाच्या अंगणात ठेवले की अंगणाचं घर होतं. पेटीवाला अजून भेटला की विचारतो, तुमचे पार्टनर काय म्हणतात. गेल्या आठवड्यात भेटला तेव्हा मला सांगता आलं नाही. बरे आहेत म्हणालो.

तुझी ती सगळ्यात त्रासदायक सवय. काम घेतलं की पहिला दिवस बसायचा. टेप नाही, कागद नाही, पेन्सिल नाही. गिऱ्हाइकाच्या घरात सकाळी जायचं आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक जागी बसून बघायचं. खुर्चीवर, जमिनीवर, उंबरठ्यावर, मोरीच्या कट्ट्यावर सुद्धा. मी लाजेने मेलो आहे, बस्त्याव. पार्ल्याच्या बाईंनी तर तुला वेडा ठरवलं होतं. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई, दोन खोल्या, स्टेशनपासून चालत आठ मिनिटं. त्यांना रंगीत टीव्ही ठेवायला शोकेस हवं होतं, एवढंच. तू दिवसभर बसलास. बाहेरून बिस्किटांचा गोड वास येत होता, पंखा कुरकुरत होता, बाईंचे यजमान पेपरमागे होते. संध्याकाळी बाईंनी विचारलं, "अहो, तुम्ही मोजमाप कधी घेणार?"

"घेतलं ना, बाई. तुमचे साहेब सकाळपासून पाच शब्द बोलले. त्यातले दोन चहाला."

मला वाटलं, आता आपली वाट लागली. पण बाईंनी आणखी एक चहा टाकला. मग तू दोन खोल्यांच्या मधली ती सडकी फळ्यांची आडभिंत काढायला लावलीस आणि तिथे ते उभं केलंस. सागवानाची वळणदार भिंत, दोन पाठी टेकल्यासारखी. या बाजूला बाईंना वह्या तपासायला बसता येईल अशी, त्या बाजूला साहेबांना वाचायला. मध्ये पट्ट्यांमध्ये बोटभर फटी. दिसत काही नाही, पण कुजबुजलेलं ऐकू येतं. टीव्हीला जागाच ठेवली नव्हतीस. बाई दोन दिवस त्याच्याभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "याला कपाट म्हणू, भिंत म्हणू, की देव म्हणून हळदीकुंकू वाहू?" तू म्हणालास, "टेकून बघा, मग ठरवा." वर्षभराने बाई मला बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, आमचे हे हल्ली फार बोलतात हो. तक्रार होती की आनंद, ते कळलं नाही.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. त्या भिंतीचा वरचा काठ तू हाताने आखला होतास, सूत ताणून नाही. मी पाणसळ लावली तर बुडबुडा मधे थांबेना. मी म्हणालो, वाकडं आहे. तू म्हणालास, तुझा खांदा सरळ आहे का? मी म्हणालो, माझा खांदा लोकांना विकत देत नाही मी. तू म्हणालास, जगात सरळ एकच गोष्ट, पाणी, आणि ते सुद्धा तू काचेत कोंडून ठेवलंयस. किती वर्षं चाललं हे. शेडमध्ये चाललं, वडापावच्या गाडीवर चाललं, तुझ्या बहिणीच्या लग्नात दोघे टाय लावून उभे असताना चाललं. मला चिडवायला तू माझी पाणसळ लपवून ठेवायचास, एकदा तर मिठाच्या गोणीत.

तुला ते चिडवणं वाटायचं. मला लागायचं, रे. तुझ्याकडे आर्ट स्कूल होतं, डोळा होता, बोलणं होतं. माझ्याकडे सरळपणा होता. बाबा घरी बसले तेव्हा चाळीतला एक जण म्हणाला होता, पोरगा सुतार आहे, पण हात सरळ आहे त्याचा. त्या एका वाक्यावर मी उभा होतो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं घडलं नसतं कदाचित.

मग तुमचं मरोळच्या गावठाणातलं घर पाडायचं ठरलं. चार मजली बिल्डिंग होणार, तुम्हाला दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. कौलं उतरवली, तुळया काढल्या. जुनं सागवान, धुराने काळं झालेलं, आत मधासारखं. तू त्या तुळयांवर हात फिरवत म्हणालास, आईची बैठक यातूनच. दारापुढे ती काळ्या दगडाची पायरी होती. मावशी लग्न होऊन आल्यापासून त्या पायरीवर बसली. बोंबील साफ करायला, तांदूळ निवडायला, जाणाऱ्या-येणाऱ्याला शिव्या घालायला. विहिरीचे हंडे वाहून तिची उजवी कंबर खाली गेलेली, आणि तिच्याखाली दगडही उजवीकडे झिजलेला. पाडायच्या आदल्या दिवशी तू त्या दगडावर ओला शाडू थापलास, दाबलास आणि अलगद उचलून घेतलास. मी विचारलं, हे कशाला? "आठवण," तू म्हणालास. मला वाटलं, ठेवील कुठेतरी भिंतीवर. मी पुढे विचारलं नाही, तू पुढे सांगितलं नाहीस. आपलं नेहमीचंच.

दगड कंत्राटदाराच्या ट्रकमध्ये गेला.

नव्या घरात ती बैठक तू काय केलीस, बस्त्याव. मी तुझ्यासोबत हजार वस्तू केल्या, पण ती एक. दारालगतच्या भिंतीतून निघते, आधी नुसती हाताला लागेल अशी पट्टी, मग हळूहळू रुंद होत बसण्याएवढी, वळून खिडकीपर्यंत जाते आणि चौकटीत मिसळते. घर कुठे संपलं आणि बैठक कुठे सुरू झाली ते कळत नाही. सहा फुटांची बसायची फळी तू स्वतः कोरलीस, मला हात लावू दिला नाहीस. खालचे आधार तू बसवलेस. मला फक्त पॉलिश करायचं होतं. जाताना म्हणालास, "पातळी बघू नको हां, दत्ता. बघायचंच असेल तर बसून बघ."

त्या रविवारी घराला आशीर्वाद द्यायला फादर येणार होते. बिल्डिंगमधले सगळे, गावठाणातले सगळे, कंत्राटदार, त्याचा आर्किटेक्ट. तू आणि मावशी सकाळच्या मिस्साला गेलात. मी एकटा घरात. खिडकीतून ऊन फळीवर पडलं होतं आणि मी पाणसळ काढली.

बुडबुडा डावीकडे पळाला आणि तिथेच चिकटून राहिला. उजवीकडे अर्धा इंच उतार. अर्धा इंच म्हणजे आमच्या धंद्यात तोंड काळं. मला वाटलं, घाईत चुकला बस्त्याव, आईच्या कामात डोळ्यांत पाणी असेल. आणि खरं सांगू? आत कुठेतरी बरंही वाटलं. हे सापडलं, तुझी चूक सापडली, आणि मी ती गुपचूप निस्तरणार, तुला कळूही देणार नाही, एवढा मी मोठ्या मनाचा. त्याच तुळईच्या तुकड्यातून मी अर्ध्या इंचाची पट्टी काढली, फळी उचलली, उजव्या आधारावर ती पट्टी चढवली, टोकाकडे निमुळती रंधून. रेषा रेषेला लावली. पॉलिश मारलं. तासाभराचं काम. माझ्या हातून आयुष्यात तेवढा सुबक सांधा पुन्हा झाला नाही. बुडबुडा मधोमध येऊन थांबला.

फादरनी पाणी शिंपडलं, सगळे वाहवा करून गेले. संध्याकाळी तू त्या बैठकीवर बसलास. हात मांड्यांखाली घातलेस, डोळे मिटलेस. मग फळीवरून तळहात फिरवलास, जाऊन परत आलास.

"दत्ता, तू काय हात लावलास का रे याला?"

"पॉलिश मारलं ना."

"बाकी काय नाय?"

"बाकी काय?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याशी त्याआधी कधी खोटं बोललो नव्हतो, म्हणून तुला ते ओळखता आलं नाही. हळूच विचारलंस, "बसलं का?"

"बसलं," मी म्हणालो.

मावशी दोन दिवस त्यावर बसली. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडायचं सूप घेऊन जिन्यात गेली. तू खाली बोलवायला गेलास तर म्हणाली, "बरी हाय तुजी बैठक, बाबा. पण मना नाय बसवत तिथं. कंबर धरते." तिने तुला वाईट वाटू नये म्हणून पुढे म्हटलं, हितं वारा लागतो. जिन्यात वारा कुठून येणार?

आठ दिवसांनी आपण दोघे इथेच मागच्या दाराशी बसलो होतो. मिठावर संध्याकाळचा गुलाबी रंग आला होता, खाडीपलीकडे काही दिसत नव्हतं, सगळं धुरकट, पाण्यात दिवे लागल्यासारखं. तू म्हणालास, "मी आईची पायरी उचलून आणायला गेलो होतो, दत्ता. उजवीकडे अर्धा इंच. शाडूवरून डोळ्यात धरला होता आणि डोळ्याने फळीत उतरवला. मला वाटलं होतं, उतरला. नाय उतरला. माझा डोळा गेला, यार."

तेव्हा मला कळलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं असतं तर तू दोन शिव्या दिल्या असत्यास, फार तर पाणसळ खाडीत फेकली असतीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण पट्टी काढून टाकली असती. मी गप्प बसलो. लाजेने बसलो. उद्या सांगू म्हणालो मनात. उद्याचा परवा झाला. मग सांगायला आणखी जड झालं, कारण आता का सांगितलं नाहीस तेही सांगावं लागणार होतं. मी मनात म्हणत राहिलो की बस्त्याव विसरेल. कलाकार माणूस, दुसरं काम आलं की विसरेल.

तू विसरला नाहीस. पुढच्याच आठवड्यात तू बाजारातून पाणसळ घेऊन आलास, माझ्यापेक्षा लांब. मी हसण्यावारी नेलं. "आलास ना रुळावर," म्हणालो. काय बोललो मी. त्यानंतर तू चौकटीच्या कागदावर पट्टीने नकाशे काढायला लागलास. ऑफिसांची टेबलं, सनमायका, चार पाय, चारही सरळ. बसायचा दिवस बंद झाला. गिऱ्हाईक फोनवर मापं सांगायचं आणि तू लिहून घ्यायचास. कामं वाढली. लोक म्हणाले, बस्त्यावचं आता बस्तान बसलं. काल मिस्साला पार्ल्याच्या बाई आल्या होत्या. पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरासाठी बोलावलं होतं मी त्यांना. मुद्दाम सकाळीच बोलावलं, म्हटलं दिवसभर बसतील. उभ्या उभ्याच माप घेऊन गेले हो." मी मान खाली घातली. गणिताच्या बाईंना हिशेब न मांडता उत्तर कळतं असं मला क्षणभर वाटलं.

आणि मग कावीळ. शेवटी शेवटी तू ग्लानीत असायचास. एका दुपारी हॉस्पिटलच्या लोखंडी खाटेवर हात फिरवून म्हणालास, ही उतरती आहे का रे? मी म्हणालो, नाही, सरळ आहे. तू हसलास. "मला आता काय कळत नाय बघ." मी तुझा हात धरला होता. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात नर्स आली, मला बाहेर जायला सांगितलं. नर्स आली नसती तर सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालतो. मला नक्की माहीत नाही.

काल पाहुणे गेल्यावर मी मावशीला म्हणालो, बैठकीचं थोडं काम राहिलंय, करू का? ती जिन्यातूनच म्हणाली, कर. मी वर गेलो, छत्र्या उचलल्या, पटाशी काढली. बस्त्याव, मला माझी पट्टी सापडेना. हातात माप होतं, जागा माहीत होती, तरी रेषा दिसेना. गुडघ्यांवर बसून नखाने चाचपडत राहिलो. मग सापडली तर सुटेना. इतकं घट्ट बसवलं होतं मी. तीन वर्षांत तुळई आपल्याच तुळईला धरून बसली होती. शेवटी फळी वर उचलून, हळूहळू ठोकत ती बाहेर काढली. फळी खाली टेकली. एवढासा आवाज झाला.

मी पाणसळ लावली नाही. बसून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा, तू सांगितलं होतंस तसं, हात मांड्यांखाली घालून. अंग आपसूक उजवीकडे गेलं आणि तोंड खिडकीकडे वळलं, आणि खिडकीत खाली गल्लीच्या कोपऱ्यावरचा गावठाणातला जुना क्रूस दिसला, पांढरा, गळ्यात झेंडूची माळ. सरळ बसलं की तो दिसत नाही. समोरची बिल्डिंग दिसते.

मावशीला हात धरून वर आणली. ती बैठकीपाशी उभी राहिली, मग काही विशेष नसल्यासारखी बसली. बसली आणि थांबली. उजव्या हाताने फळीचा काठ धरला, अंगठा फिरवला. कंबर सैल झाली तिची, ते मला दिसलं. डोळे खिडकीकडे गेले.

"ही पायरी हाय," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. पट्टी हातातच होती, ती दाखवली. तिने ती घेतली, उलटसुलट केली. अर्ध्या इंचाचा तुकडा, टोकाशी निमुळता.

"म्हंजे माज्या बस्त्यावनी बराबर केलेली?"

"बरोबर केली होती, मावशी."

"आन त्याला तू सांगितला नाय."

"नाही सांगितलं."

तिने मला शिवी घातली नाही. घातली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मग तीन वरसं मी त्याच्या डोळ्यांसमोर त्या जिन्यात काय म्हणून बसली?" ती रडली. मीही रडलो, उभ्या उभ्या, हातात पटाशी. खाली क्रूसाशी कोणीतरी मेणबत्ती लावून गेलं.

मग तिने पदराने नाक पुसलं आणि डावीकडची फळी थोपटली. "बस."

मी बसलो. उतारामुळे मी जरासा घसरलो तिच्याकडे, बोट-दोन बोटं, आणि खांदा तिच्या खांद्याला लागला. मी सावरायला गेलो तर ती म्हणाली, राहू दे. पायरीवर पण असाच व्हायचा, बस्त्याव लहान असताना. डावीकडे बसायचा आणि घसरत माज्याकडे यायचा.

हे तुला माहीत होतं ना रे? हा अर्धा इंच तिच्या कंबरेसाठी तर होताच, पण बाजूला बसणाऱ्यासाठी पण होता. तू तुझी स्वतःची जागा कोरली होतीस त्यात. तिथे काल मी बसलो. तुझ्या जागेवर मला बसायचा हक्क नाही हे मला कळतं. पण तिने थोपटलं आणि मी बसलो, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघे उठलो नाही.

तुझा डोळा गेला नव्हता, बस्त्याव. एका रेषेनेसुद्धा चुकला नव्हता. आज रात्री स्वप्नात आलास तर मरोळला ये, दुसऱ्या मजल्यावर. मिठागरं आणि टाक्या राहू दे. मावशी तिथेच असेल, डावीकडची जागा मोकळी ठेवून. हात मांड्यांखाली घालून बसून बघ आणि मला एकदा विचार, बसलं का?

बसलं, बस्त्याव.